फरशीवर पडलेला प्लग

जगताप मोटरसायकलवरून आले तेव्हा मी ह्यांच्या दुरुस्तीच्या शेडच्या दारात मेथी निवडत बसले होते. धरणाच्या मागच्या पाण्यावर बोटिंग आहे, तिथले ते मॅनेजर. शनिवारी दुपारी ते पाणी सोडून वारज्याला येणं शक्यच नव्हतं. शनिवारी त्यांना जेवायला फुरसत नसते. त्यांनी हेल्मेट काढलं नाही. काच तेवढी वर केली आणि म्हणाले, "वहिनी, सुजितला फोन लावा." मी म्हटलं, "काय झालं?" तर पुन्हा तेच, "आधी सुजितला लावा." सुजित आमचा मुलगा. मला त्या क्षणीच कळलं की हे गेले. आणि कळल्यावर पहिल्यांदा मनात आला तो ह्यांचा चेहरा नव्हता, सुजितही नव्हता... मनात आलं, तो प्लग बोटीच्या इंजिनात बसला होता का?

अडीच महिने झाले त्याला. माणसं येऊन गेली, रडून गेली. मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही, म्हणून लिहून बघते आहे. ह्यांच्याबद्दल लिहायला बसलं की पेन प्लगपाशीच जातं. तर तसंच लिहिते.

हे हडपसरला एका कारखान्यात होते. तिथे पाण्याच्या पंपांची इंजिनं व्हायची. लग्न झालं तेव्हा सासरे मला म्हणाले होते, "मुलगा पर्मनंट आहे, काळजी नाही." मग बाहेरच्या कंपन्या आल्या, त्यांची इंजिनं आली, ह्यांच्या खात्याला कुलूप लागलं. व्हीआरएसचा कागद आणि निरोपाचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन हे घरी आले. घड्याळात सेल घातला तरी ते चालेना. हे म्हणाले, "बघ, कंपनीची आठवण म्हणून कसं अगदी कंपनीसारखं दिलंय." तेवढं बोलून जेवायला बसले. पुढे आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. आठव्या दिवशी धरणाच्या रस्त्याला पत्र्याची शेड बघून आले आणि स्कूटरी दुरुस्त करायला लागले. हात चांगला होता, जीभ त्याहून तेज. एखादा म्हणायचा, "मिस्त्री, अर्ध्या तासात होईल ना?" हे म्हणायचे, "होईल की. फक्त कुठल्या दिवशीच्या अर्ध्या तासात, ते विचारू नका." तरी लोक यायचे. विहारातले ह्यांचे मित्र तर नुसते "जयभीम मिस्त्री" म्हणून टेकायचे आणि चहा पिऊन, चार टोमणे खाऊन जायचे.

त्याच सुमाराला कॉम्प्युटरच्या कंपन्यांनी पुणं भरून गेलं. आठवडाभर काचेच्या इमारतीत बसलेल्या पोरांना शनिवार-रविवारी पाणी बघायचं असायचं. धरणाच्या मागे बोटिंग सुरू झालं ते त्यांच्यासाठीच. तीन बोटी, तिन्हींना कुठून तरी आणलेली जुनी पेट्रोलची इंजिनं. जगताप ह्यांना विचारत आले. ह्यांनी तोवर बोटीत पाय ठेवला नव्हता. पोहायला तर येतच नव्हतं, शेवटपर्यंत आलं नाही. पण इंजिन म्हटल्यावर गेले. संध्याकाळी आले ते वेगळेच. किती तरी वर्षांनी त्यांच्या तोंडावर ते कारखान्यातलं तेज दिसलं. म्हणाले, "अगं, इंजिन तेच आहे, पण जबाबदारी निराळी. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते. पाण्यावर कोण ढकलणार, तुझा बाप?" माझे वडील तेव्हा आमच्याकडेच राहायला होते. आतल्या खोलीतून म्हणाले, "पोहता येणाऱ्यानं ढकलावं, जावईबापू." त्या दिवशी आम्ही तिघंही फार हसलो.

मी शेडमध्ये जायला लागले ती डबा घेऊन. मग बसायला लागले. मग एक दिवस हे म्हणाले, "ह्या डबीवरचा नंबर वाच गं." डबी नव्या प्लगची. अक्षरं इंग्रजी, मला ती येत नव्हती, पण आकार सांगितले तसे त्यांनी ओळखले आणि मला शिकवलेही. तेव्हा मला वाटलं, चष्मा घरी राहिला असेल. पण दुसऱ्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता आणि तरी डबी माझ्याकडे आली. साखरेचा आजार ह्यांना जुना. त्यानं एक डोळा आधीच धुरकट केला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत होता. लांबचं दिसायचं, जवळचं बारीक काही दिसायचं नाही. आणि प्लगचं सगळं काम तर बारीकच.

प्लगच्या टोकाशी मधला दांडा असतो आणि त्याच्यावर वाकून आलेली एक पट्टी. दोघांच्या मधे जी फट, तो गॅप. ठिणगी तिथे पडते. गॅप जास्त झाला तर ठिणगी पल्ला गाठत नाही, कमी झाला तर ठिणगी किरकोळ पडते आणि काजळी चटकन मधे अडकून बसते. बोटीच्या इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइल जळतं, पोरं फोटो काढतात म्हणून बोट हळू चालवावी लागते, हळू चाललं की काजळी आणखी. म्हणून दर पंधरवड्याला प्लग काढायचे, तारेच्या ब्रशनं घासायचे, रंग बघायचा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा रंग असला तर इंजिन खूश. काळा, ओला असला तर बदलायचा. नवा प्लगसुद्धा डबीतून काढून तसाच बसवायचा नाही. "डबी कारखान्यातून इथवर किती वेळा आपटली, कुणी मोजलंय?" असं हे म्हणायचे. प्रत्येकाचा गॅप बघायचा. त्यासाठी पातळ पात्यांचा एक जुडगा असतो, त्यातलं एक मिलिमीटरचं पातं त्या फटीतून सरकवायचं. मी पहिल्यांदा सरकवलं तेव्हा ते सुळकन गेलं आणि मला वाटलं जमलं. हे म्हणाले, "मोकळं गेलं? मग चूक. नव्या ब्लाऊजच्या काजातून बटण जातं, तसं गेलं पाहिजे. थोडी कुरकुर करून." त्या दिवसानंतर मला कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. पट्टी वाकवायची तर लाकडावर अलगद टोक टेकवून. मधल्या दांड्याला आणि पांढऱ्या चिनी मातीला धक्का लावायचा नाही. बसवताना आधी हातानं फिरवायचा, मग पाना. शेवटचं ते बसवण्याचं काम ह्यांचं, त्याला डोळे लागत नाहीत. गॅप माझा.

हे कुणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. जगतापांना कळलं असतं की मिस्त्रींना जवळचं दिसत नाही, तर त्यांनी दुसरा माणूस बघितला असता. आणि खरं सांगते, मला ते आवडायचं. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही, आणि तिकडे पाण्यावर तीन बोटी माझ्या हातानं चालल्यात. एकदा जगताप शेडमध्ये उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही हात लावल्यापासून एक बोट मधे थांबली नाही." मी कोपऱ्यात डबा धूत होते. हे म्हणाले, "हात कुणाचा का असेना, बोट चालली की झालं," आणि माझ्याकडे न बघता मान खाजवली. सुरुवातीला मी केलेला प्रत्येक प्लग ते अंगठ्याच्या नखानं चाचपून बघायचे. वर्षभरानं तेही सोडून दिलं. मी म्हटलं, "बघा की एकदा." तर म्हणाले, "भाकरी करतेस ती मी चाचपून बघतो का?"

त्यांनी ते सोडायला नको होतं.

त्या शनिवारी सुजितनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्यांची वेळ घेतली होती. हडपसरच्या ऑफिसातून रजा टाकली होती पोरानं. आणि शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी परस्पर फोन करून ती रद्द केली; कारण काय, तर कुठल्याशा कंपनीची मोठी सहल येणार आणि तिन्ही बोटी लागणार. सुजित फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही इम्पॉसिबल आहात." हे म्हणाले, "मराठीत शिवी दे, म्हणजे मला कळेल." मला मात्र हसू आलं नाही. चार वर्षं मी ह्यांचे डोळे होऊन बसले होते, ते कधीतरी संपावं असं मला वाटत होतं का, की संपू नये असं वाटत होतं... आता सांगता येत नाही. पण राग आला होता. मी रागावले की बोलत नाही, भांडी आपटते. सकाळी शेडमध्ये आपटायला भांडी नव्हती.

मोठ्या बोटीच्या इंजिनाला दोन प्लग लागतात. दोन नवे आणि एक जादा, असे तीन मी केले. पातं तिन्हींमधून कुरकुरत गेलं, तिथपर्यंत मला स्वच्छ आठवतं. मग जुडगा पुसून डब्यात ठेवला आणि तिसरा प्लग बाकावर जरा जोरात ठेवला. जरा नाही, जोरातच. तो घरंगळला आणि शहाबादी फरशीवर पडला. टोकावर पडला. आवाज मी ऐकला. ह्यांनीही ऐकला असणार, पण ते तेव्हा बाहेर पेट्रोलचा कॅन बांधत होते. म्हणाले, "झालं का? लोक खोळंबतील तिकडे." मी प्लग उचलला, पदराला पुसला. डबा उघडून जुडगा काढायचा, पातं घालून बघायचं, फार तर एक मिनिट. माझ्या मनात आलं, असू दे. एवढंच आलं. असू दे. आणि तिन्ही प्लग कापडी पिशवीत घालून पिशवी त्यांच्या हातात दिली, हात लांब करून, तोंड फिरवून. ते म्हणाले, "येतो." मी काही म्हटलं नाही.

काय घडलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. नवे प्लग कसे चालतात ते बघायला हे मोठ्या बोटीत इंजिनापाशी बसले होते. तिसऱ्या फेरीला बोट पाण्याच्या मध्यावर गेली आणि इंजिन लंगडायला लागलं, मग बंद पडलं. ते दोर ओढून सुरू करायचं इंजिन होतं. ह्यांनी दोर ओढला, पुन्हा ओढला. जगताप काठावरून बघत होते, ते म्हणाले, "वीस-पंचवीस वेळा तरी ओढला असेल, वहिनी. मी इथून ओरडत होतो, राहू द्या, दुसरी बोट पाठवतो." मग ते खाली वाकून काहीतरी करताना दिसले, मग बसले. दुसरी बोट पोहोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, साखर इतकी वर्षांची, हे जिना चढतानाही झालं असतं. सुजित रोज हे वाक्य मला औषधासारखं देतो. पण ते जिना चढत नव्हते. दोर ओढत होते.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजली वाहायला, सगळे विहारात जमले, तेव्हा जगताप बोलायला उभे राहिले. त्यांनाही चारचौघांत बोलता येत नाही, कागदावर लिहून आणलं होतं. म्हणाले, "मिस्त्रींच्या हातचा प्लग कधी फसला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुढच्या रांगेत होते. मला वाटलं, आत्ता उठावं आणि सांगावं. पण बसूनच राहिले. घरी आल्यावर सुजितला म्हटलं, त्या इंजिनातले प्लग मला बघायचेत. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मला ताप चढलाय. तरी बिचाऱ्यानं फोन केला. तिन्ही जुनी इंजिनं विकली होती. नवी आली, बटण दाबलं की सुरू होणारी. हे दोन वर्षं जगतापांकडे तीच मागत होते.

म्हणजे आता कधीच कळणार नाही, असं मी धरून चालले. तीनातला पडलेला प्लग इंजिनात बसला होता, की जादा म्हणून पिशवीत राहिला होता? पडून त्याचा गॅप दाबला गेला होता, की नव्हता? भाकरी थापताना, नळाखाली हंडा लावताना मी ह्याचाच हिशेब करायची. तीनात एक. कधी मी सुटायची, कधी अडकायची. सुटले की जास्त भीती वाटायची, कारण वाटायचं, मी स्वतःला फसवते आहे.

गेल्या रविवारी दुपारी एक मुलगी दारात आली. पंचविशीची, पाठीला ऑफिसची बॅग. म्हणाली, "काकू, मी कीर्ती. मी त्या दिवशी बोटीत होते." मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिनं पेला रिकामा केला. मग म्हणाली, "सॉरी, मी खूप आधी यायला हवं होतं. डेअरिंगच होत नव्हतं." आणि बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यातून हातरुमालाची पुरचुंडी काढली. रुमालावर काळे डाग होते. मला उघडायच्या आधीच समजलं.

"काकांनी हा काढला आणि माझ्या हातात दिला. दुसरा बसवायचा होता ना त्यांना. मग सगळं इतकं पटकन झालं... बॅगेतच राहिला. परवा बॅग धुवायला काढली तर..."

मी विचारलं, "देताना काही बोलले?"

ती म्हणाली, "हो. त्यांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला, असा, नखानं. आणि म्हणाले, 'हा बघा, आमच्या घरच्यांचा सकाळचा राग.' मला काही कळलंच नाही. मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाले, 'प्लग आमच्या घरच्या करतात. माझ्यापेक्षा बरा हात आहे. नीट धरा, घरी दाखवायचाय.'"

चार वर्षं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या पोरीला सांगितलं.

"रागानं म्हणाले?"

"नाही हो काकू. हसत होते." मग रुमालाचं टोक ओढत म्हणाली, "म्हणजे... त्यांना धाप पण लागली होती. मला वाटलं हसतायत. आता मला नीट नाही सांगता येत." आणि ती रडायला लागली. म्हणाली, "आम्ही चौघं होतो बोटीत, जिमला जाणारी मुलं होती. कुणी उठून दोर धरला नाही. काका करतायत म्हणून बसून राहिलो." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला म्हटलं, "तुझी काही चूक नाही गं." किती सहज म्हटलं मी ते. मला जे रोज सांगतात तेच मी तिला सांगितलं, आणि तिला ते पटलं नाही, हेही मला दिसलं.

ती गेल्यावर शेड उघडली. प्लग काळा होता, ओल सुकून राप चढलेला, पट्टी आणि दांड्याच्या मधे काजळी गच्च. ती काडीनं काढली, कपड्यानं पुसलं. जुडगा काढला. एक मिलिमीटरचं पातं लावलं. आत गेलं नाही. पाऊणचं लावलं, नाही. अर्ध्याचं गेलं, कुरकुरत.

संध्याकाळी सुजितला सगळं सांगितलं, फरशीच्या आवाजासकट. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, प्लीज. हे तू कुणाहीजवळ बोलायचं नाहीस. जगतापांजवळ तर अजिबात नाही."

"का?"

"लोक काहीही अर्थ काढतात. आणि तसं नाहीच आहे. डॉक्टर स्वतः म्हणाले, कुठेही झालं असतं."

"दोर ओढताना झालं, सुजित."

"आई..." तो उठून मोरीत गेला, तोंडावर पाणी मारून आला. मग टॉवेल हातात तसाच धरून म्हणाला, "चार वर्षं करत होतीस? आणि मला माहीत नाही. बाबांना दिसत नव्हतं, हे मला माहीत नाही." त्याच्या आवाजात माझ्यावरचा राग होता, आणि बरं वाटलं मला त्या रागानं. तेवढंच बरं वाटलं अडीच महिन्यांत. पण पोरगं चांगलं आहे, दोन मिनिटांत त्यानं तो राग गिळला आणि पुन्हा ते जिन्याचं वाक्य म्हणाला.

तर आता मला माहीत आहे, आणि ते घेऊन जायला कुठे जागा नाही. ह्यांच्या शेडमध्ये रोज सकाळी येते, दार लोटून घेते, बाकावर बसते. पट्टी उचलून गॅप परत एक मिलिमीटर करायचा तर माझ्या हाताला एक मिनिट पुरेल. मग तो इतर कुठल्याही प्लगसारखा दिसेल, कुणालाही दाखवता येईल. मी करत नाही. ह्यांचं नख शेवटचं ज्या फटीवरून फिरलं, ती फट एवढीच होती. त्या फटीवर मी माझं नख ठेवते. पोरगी म्हणाली हसत होते, मग म्हणाली धाप लागली होती. मी डोळे मिटून तो आवाज ऐकायला बघते, आणि रोज तो निराळा ऐकू येतो.

घरी दाखवायचाय, असं म्हणाला होतात ना? अहो, बघितला मी. बोला आता, काय बोलणार होतात ते.